दिडकी

ग्रिम्सबीत शुक्रवारी आमच्या शाळेला माशांचा वास येतो.
बंदरात बोटी आता मोजक्याच,
पण ताटात फिश फिंगर्स, मटार, कडेला केचप.
मी वाढते. डोक्याला जाळी, हातात निळे मोजे.
मुलं मला मिसेस पट म्हणतात.
पटवर्धनमधलं पुढचं सगळं
त्यांच्या भरल्या तोंडात मावत नाही.

शेवटच्या टेबलावर केडन ब्लँचर्ड. वय वर्षं सात.
एका बुटाची नाडी कायम सुटलेली.
त्याचं ताट कधी संपत नाही, म्हणून ओरडायला गेले
तर त्यानं सुरीनं तुकडा अर्धा केला, खाल्ला,
उरलेल्याचा अर्धा, खाल्ला,
त्याचाही अर्धा,
आता मटाराहून लहान एक कण,
आणि वर न बघता म्हणाला,
"आत्ता जेवढं खाल्लं ना, बरोबर तेवढंच उरतं.
दर वेळी.
मग हे संपणार कधी?"

घंटा झाली. घंटेला काय,
ती काहीही संपवते.

मिस थर्लबींना सांगितलं.
त्या वाईट नाहीत हो. एकतीस मुलं, महिनाभराचा खोकला,
काखेत घरी न्यायच्या वह्यांचा गठ्ठा.
म्हणाल्या, "केडन? त्याची वही बघा एकदा."
बघितली. गणितं अर्ध्यावर टाकलेली,
समासात चौकोन, चौकोनात चौकोन, त्यात अजून एक,
पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत.
हुशार मुलांची यादी सप्टेंबरातच झाली होती.
यादीतल्या सगळ्यांचं अक्षर सुरेख होतं.

मला राग यायला हवा होता.
पण मला इचलकरंजी आठवली,
मागचा बाक, बाहेर मागांची खडखड,
आणि पद्मा कोष्टी उभी राहून विचारते,
"बाई, शून्याच्या अलीकडे काय असतं?"
तेव्हा मी बाई होते. पोर्शन संपवायचा होता.
म्हटलं, "दीडशहाणी! बस खाली."
वर्ग हसला.
ती बसली.
पुन्हा उठलेली मला आठवत नाही.

काय भाषा आहे आपली.
एका शहाण्यापुरतीच जागा ठेवते,
वर अर्धा सांडला की शिवी होते.
आणि तीच भाषा दीडाचा पाढाही करते,
पोरांना संध्याकाळी ओट्यावर बसवून घोकून घेते,
एक दीड दीड, बे दीड तीन, तीन दीड साडेचार.

मी केडनला तो शिकवला. भांडी गोळा करता करता.
मग पावकी, मग पाऊणकी.
औटकीला तो खुदकन हसला, "औट? कोण आउट झालं?"
साडेतीन, म्हटलं, साडेतीनाला आम्ही औट म्हणतो.
त्यानं ते जिभेवर ठेवून पाहिलं,
बाकीची मुलं गोळी ठेवतात तसं.

मिस थर्लबींना मी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा.
तिसऱ्या शुक्रवारी त्या स्वतःचा ट्रे घेऊन आल्या,
त्या बुटक्या खुर्चीत गुडघे दुमडून बसल्या,
म्हणाल्या, "दाखव मला."
आणि मग, हे महत्त्वाचं, गप्प बसल्या.
तो कापत राहिला. घंटा झाली.
त्या उठल्या नाहीत.

आता मंगळवारी तो वरच्या वर्गात गणिताला जातो.
पाऊण तास. एवढंच. स्पेलिंग अजून भयंकर आहे,
परवा एकाला चावलाही.

काल फाटकाशी त्याची आई भेटली,
फॅक्टरीतून थेट, पांढरे गमबूट, डोळ्यांत रात्रपाळी.
मला बघून चेहरा कसा मिटला तिचा.
"आता काय केलं त्यानं?"
शाळेनं तिला आजवर दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, "दीडशहाणा आहे हो तुमचा मुलगा."
मराठीत. तोंडून गेलंच.
ती वाट बघत राहिली,
आणि मी तिथे फाटकाला धरून
त्या अर्ध्यासाठी
इंग्रजी शोधत उभी.